शिकार सांगताना नाव गाळायचं नाही

इंटरनेटवरच्या त्या अमेरिकन बंदूकवाल्यांच्या फोरमवर सगळ्यांची टोपणनावं होती. कोणी लांडगा होता, कोणी गंजका हातोडा, कोणी नुसताच आकडा. रविंद्रने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. रविंद्र नामा वेखंडे. खाली ठिकाणाचा रकाना होता, तिथे लिहिलं, टेपाची वाडी, किन्हवली, तालुका शहापूर.

मी शेजारच्या खुर्चीत होतो. २००३ साल असेल. शहापूरच्या एसटी स्टँडमागे एक सायबर कॅफे होता. इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो आणि नोकरीचे अर्ज पाठवायला तिथे जायचो. रविंद्र मुरबाडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. शुक्रवारी कारखाना बंद असायचा. त्या दिवशी तो वाडीवरून शहापूरला यायचा.

"इथे खरं नाव कोणी देत नाही," मी म्हणालो.

त्याने वळून पाहिलं. "मंग कोन बोलतंय ते समोरच्याला कळायचं कसं?"

"नाही कळलं तर काय बिघडतं?"

"आमच्याकडं नाव नाय सांगत तो कायतरी करून पळून आलेला असतो." तो हसला. "तू कुनाचा?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. आजोळ सांगितलं. मामाच्या गावातलं एक घर त्याच्या ओळखीचं निघालं. मग त्याने खुर्ची जवळ ओढली.

"टिरनी म्हंजे काय रे?"

"जुलूम."

"यांच्यावर कोन करतंय?"

"सरकार करेल अशी भीती आहे त्यांना."

"करंल? अजून केला नाय?" तो पडद्याकडे पाहत राहिला. "लय लांबची भीती हाय."

अशी आमची ओळख झाली. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी त्याला रवीदादा म्हणू लागलो.

तो त्या फोरमवर गेला तो बापाच्या बंदुकीमुळे. नामाकाकांकडे ठासणीची बंदूक होती. पीक राखण्यासाठी परवाना मिळालेली, त्यांच्याही वडिलांच्या वेळची. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की गंज चढलेली परत आणायची. असंच एकदा परत आणली तेव्हा बार पेटवणारी टोपी बसते ती जागा ढिली झाली होती. दुरुस्त करणारा लोहार वारला होता. रवीदादाने कॅफेत तशा बंदुकीचं इंग्रजी नाव शोधून काढलं. अमेरिकेत म्हातारे लोक हौसेने तसल्या बंदुका वापरतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. ओहायोच्या एका म्हाताऱ्याने, फोरमवर त्याचं नाव रस्टीहॅमर, म्हणजे तोच गंजका हातोडा, त्याला चित्र काढून पाठवलं. त्या चित्रावरून रवीदादाने कारखान्यातल्या लेथवर तो तुकडा बनवला. बंदूक नीट झाली. रवीदादा फोरमवर राहिला.

तिथे दुरुस्तीपेक्षा भांडणं जास्त चालायची. कोणाकडे किती बंदुका आहेत हे सरकारला कळावं की नाही. ई-मेल सरकार वाचतं की नाही. दुकानातला कॅमेरा आपला चेहरा कुठे पाठवतो. रवीदादा वाचायचा, अडलेला शब्द मला विचारायचा, मग एका बोटाने लिहायचा. वाक्यं तोडकी असायची. पण त्यात कोणावर डाफरणं नसायचं. म्हणून लोक त्याला उत्तर द्यायचे.

नोंदणीच्या भांडणात त्याने लिहिलं, आमच्या बंदुकीचा नंबर पोलिसांकडे आहे. तलाठ्याला माहीत आहे. वाडीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. ज्याच्याकडे बंदूक आहे हे शेजाऱ्याला माहीत नाही, त्याच्या शेजारी मी झोपणार नाही.

त्यावर पानभर शिव्या आल्या. रस्टीहॅमरने लिहिलं, पोराचं म्हणणं चूक आहे, पण त्याच्या शेजारी मी झोपेन.

रवीदादा आठवडाभर हे वाक्य सांगत होता. कारखान्यात सांगितलं. वाडीवर जाऊन सांगितलं. मी एकदा त्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा माधुरीवहिनी म्हणाल्या, "तुमच्या त्या आमेरिकेच्या म्हाताऱ्याला बोलवा एकदा भाकरी खायला. निस्ता मेला हातोडा हातोडा चाललाय घरात."

ओट्यावर नामाकाका बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्याजवळ देवराम होता, रवीदादाचा चुलत भाऊ. भातसानगरला धरणावर रोजंदारीने काम करायचा. खूप वर्षं करत होता. आता कायम करतील असं साहेबांनी सांगितलं होतं. उंच, अबोल माणूस. काकांची नजर गेल्यापासून बंदूक तोच चालवायचा. परवान्यात त्याचं नाव नव्हतं. वाडीत ते कोणाला खटकत नव्हतं.

"माझं पन लिव तिकडं," देवराम म्हणाला.

"काय लिवू?"

"लिव, देवराम वेखंडे बोलतो, पिच्चरमधली बंदूक लय हलकी असते."

सगळे हसले. त्याने ते खरंच लिहिलं.

२००५ च्या हिवाळ्यात फोरमवर नवा विषय निघाला. अशी बंदूक येणार आहे, की ती मालकाच्या बोटाचा ठसा ओळखेल. दुसऱ्याच्या हातात ती उडणारच नाही. काहींना ते बरं वाटत होतं. काहींना त्यात सरकारचा डाव दिसत होता. रवीदादाचं म्हणणं तिसरंच होतं. त्याने लिहिलं, आमच्याकडे बंदूक एका घरची असली तरी शिकार वाडीची असते. मालकाची नजर गेली तर बंदूकही आंधळी करायची का?

एकाने त्याला उत्तर दिलं. टोपणनावावरून आणि भाषेवरून तो आपल्याकडचाच, शहरातला वाटत होता. त्याने लिहिलं, वाडी, शिकार, सगळं बनावट आहे. हा माणूस कुठल्या तरी कॉल सेंटरमध्ये बसून गोऱ्यांना गोष्टी सांगतोय.

रवीदादा ते पुन्हा पुन्हा वाचत बसला. चहा आला, तो निवला.

"खोटा म्हनतो मला," तो म्हणाला.

"सोडून द्या. कोण कुठला."

"तेच ना. तो कोन ते त्यानं सांगितलेलं नाय. आन मी सांगितलंय तर मी खोटा."

पुढच्या शुक्रवारी तो घरून ठरवून आला होता. त्याने त्या वर्षीची शिकार लिहायला घेतली.

इथे एक रीत सांगितली पाहिजे. टेपाच्या वाडीत शिकार झाली की संध्याकाळी नामाकाकांच्या अंगणात वाटे पडायचे. बंदुकीचा वाटा, नेम मारणाऱ्याचा वाटा, कुत्र्यांचा वाटा, रानात हाका घालणाऱ्यांचे, म्हणजे ओरडून, डबे बडवून जनावर उठवणाऱ्यांचे वाटे. पण वाटा उचलायच्या आधी शिकार सांगायची. नामाकाका सांगायचे. रान कुठून उठवलं, कोण कुठल्या वळणावर बसला, पत्र्याचा डबा कोणी बडवला, कोणाचं कुत्रं आधी भुंकलं. नाव आलं की त्या माणसाने "हाय" म्हणायचं आणि आपला वाटा उचलायचा. नाव गाळणं म्हणजे वाटा गाळणं. एका वर्षी गोजर नावाच्या म्हाताऱ्याचं नाव सांगायचं राहून गेलं. चूक लक्षात आल्यावर वाटा त्याच्या घरी पोचवला. त्याने तो परत आणून अंगणात ठेवला आणि पुढचे दोन पावसाळे हाक्याला आला नाही.

रवीदादाला शिकार सांगायची ही एकच पद्धत माहीत होती.

त्याने सगळं लिहिलं. भात पोटरीला आला आणि रानडुकरं शेतात उतरू लागली. खालच्या पट्टीचं भात एका रात्रीत लोळवलं. मग ओढ्याच्या अंगाने हाका घातला. त्याने एकेक नाव लिहिलं, पुढे बापाचं नाव. गोजरने डबा बडवला. देवराम चिंचेच्या वळणावर बसला होता. डुक्कर दोनदा फिरलं आणि तिसऱ्या खेपेला समोरून आलं. देवरामने ते अंगावर येईपर्यंत थांबून मारलं. एकच बार. ठासणीच्या बंदुकीला दुसरा बार नसतोच.

मी वाचलं. त्याने आजवर लिहिलेल्यात ते सगळ्यांत चांगलं होतं.

"नावं कशाला एवढी?" मी म्हणालो. "'माझ्या भावाने मारलं' एवढं पुरे."

"का? देवराम काय बिननावाचा हाय?"

"वाचणाऱ्यांना कळणार आहेत का ही माणसं?"

"त्यांना कळायला नाय रे. ज्याचा वाटा त्याला." तो हसला. "गोजर पुन्ना रुसायचा."

मला ते लांबण वाटत होतं, एवढंच. भीती मनात आली नव्हती. रानडुक्कर मारायला परवानगी लागते हे मला ऐकून माहीत होतं. वाडीतही माहीत होतं. पण जे सगळ्यांसमोर चालतं ते गुन्ह्यासारखं वाटत नाही.

रवीदादाने बटण दाबलं.

दोन-तीन दिवसांत रस्टीहॅमरचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, इतक्या वर्षांत इथे इतकं खरं काही वाचलं नाही. आता त्यातली नावं काढून टाक, पोरा.

रवीदादाने मला ते दाखवलं. "म्हातारा घाबरतो. एकटा रहातो ना." मग त्याने उत्तर लिहिलं, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारीत वाडीवर वनखात्याची जीप आली. रवीदादा कामावर होता. पुढचं मला माधुरीवहिनींनी सांगितलं.

साहेब तरुण होते, नव्यानेच आलेले. हातात छापलेले कागद. कोणीतरी ते पोस्टाने पाठवले होते, पाठवणाऱ्याने नाव लिहिलं नव्हतं. साहेबांनी माणसं अंगणात गोळा करायला सांगितली. कुठल्या तरी योजनेचं काम असेल म्हणून सगळे आले. साहेबांनी कागदावरून नावं वाचायला सुरुवात केली. माणसाचं नाव, बापाचं नाव. ज्याचं नाव येईल तो "हाय" म्हणत उभा राहू लागला. गोजर दोनदा "हाय" म्हणाला. छापील कागदावर आपलं नाव आहे याचं त्याला अप्रूप वाटलं.

देवरामला त्या दिवशी ताप होता, म्हणून तो घरी होता. त्याचं नाव शेवटी आलं.

"चिंचेच्या वळणावर तुम्ही होता?" साहेबांनी विचारलं.

"हां, मीच."

"डुक्कर तुम्ही मारलं?"

"मीच मारला. काकाला दिसत नाय."

मग तो थांबला. अंगणात उभी असलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

"तुमाला कुनी सांगितलं?" देवरामने विचारलं.

साहेबांनी कागद उलटा करून खालचं नाव वाचलं. रविंद्र नामा वेखंडे, टेपाची वाडी.

माधुरीवहिनी म्हणाल्या, "सगले माज्याकडं बगाया लागले. मना खालचं वरचं काय कललं नाय."

बंदूक गेली. काकांचा परवाना रद्द झाला. शिकार केल्याचा खटला सगळ्यांवर झाला, पण बाकीचे जामिनावर लगेच सुटले. देवरामने परवाना नसताना बंदूक चालवली होती. तो कल्याणच्या तुरुंगात राहिला आणि जामीन व्हायला होळी उलटून गेली.

धरणावरच्या साहेबांनी देवरामच्या बायकोला, धोंडीबाईला, सांगितलं, की खटल्यातून निर्दोष सुटला तर बघू. तोवर कामावर येऊ नको म्हणावं.

त्यानंतर रवीदादाला एकच गोष्ट करायची होती. देवरामला सोडवायचं होतं.

तो शुक्रवार सोडून मधल्या वारी कॅफेत आला. दाढी वाढली होती. आधी त्याला ते लिखाण पुसायचं होतं. ते पुसता येत नव्हतं. जुनं झालेलं बदलायची त्या फोरमवर सोय नव्हती. त्याने चालकांना कळवलं. रस्टीहॅमरनेही कळवलं असावं, कारण चार दिवसांनी ते पान निघालं. पण तोवर कितीतरी लोकांनी त्याचे उतारे आपापल्या उत्तरांत घेतले होते. त्यात नावं तशीच होती. आणि आता तर वादाला नवं उदाहरण मिळालं होतं. बघा, सरकारला बंदुका माहीत असल्या की काय होतं. दुसरे म्हणत होते, बघा, खरं नाव दिलं की काय होतं. तिसरे, मुळात डुक्कर मारलंच का? देवराम, गोजर, नामा, ही नावं ते आपल्याला हवी तशी वापरत होते. महिनोन् महिने ते भांडण चाललं.

रवीदादाने ते दोनदा वाचलं. मग त्या फोरमवर गेला नाही.

शहापूरच्या वकिलांनी मार्ग काढला. डुकराचं मांस सापडलेलं नाही, हाडं नाहीत. आहेत ते कागद. रविंद्रने शपथेवर सांगायचं, की हे मी मनाने लिहिलं. देवरामने आपला जबाब फिरवायचा. बाकीच्यांनी काहीच आठवत नाही म्हणायचं.

वकिलांकडून खाली उतरल्यावर रवीदादाने मला विचारलं, "साई, तू शिकलास ते. कथा म्हंजे खोटंच ना रे?"

"तसं नाही दादा."

"कोर्टात तसंच हाय."

देवराम जामिनावर सुटून आला त्या दिवशी रवीदादा त्याच्या घरी गेला. मलाही बरोबर घेतलं. एकट्याने जायचा धीर होत नव्हता. देवराम पडवीत दोरी वळत बसला होता. वाळला होता. धोंडीबाईने आम्हाला पाणी दिलं. बसा म्हणाली नाही, पण पाट सरकवला.

"देवा," रवीदादा म्हणाला, "मार मला. चार लोकांत मार."

देवरामने वर पाहिलं नाही. "कशाला? तेबी लिवशील."

तो रागाने म्हणाला नव्हता. अडचण सांगावी तसं म्हणाला. रवीदादाने पाण्याचा तांब्या उंबऱ्यापाशी ठेवला. मग आम्ही उठलो.

वाडीने त्याला वाळीत टाकलं नाही. कोणी शिवी दिली नाही. लग्नाच्या अक्षता घरी येत होत्या. पण तो पारावर आला की बोलणं थांबायचं. थांबायचं म्हणजे विषय बदलायचा. पाऊस, एसटी, भाताचा भाव. कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाचा बांध कोणी कोरला, कोणी कोणाकडे दारू गाळली, यांतलं काही त्याच्यापर्यंत येईनासं झालं. माधुरीवहिनी विहिरीवर गेल्या की बायका हंडे उचलायच्या. "मी नाय ना लिवलं," एकदा त्या मला म्हणाल्या. "मना तर तं कंपुटर सुरू पन करता नाय येत."

नामाकाका दुसऱ्या पावसाळ्यात गेले. आजारी असे नव्हते. शेतात डुकरं उतरली की ऐकायचे आणि उठून बसायचे, मग पुन्हा आडवे व्हायचे. त्यांच्या दिवसांना सगळी वाडी आली. जेवली. लवकर गेली.

आता माणसं मिळून डुकरं हाकलायची ती डबे बडवून, मशाली घेऊन. त्या हाक्याची खबर रवीदादाला सकाळी शेतातले पायांचे ठसे बघून लागायची.

देवराम दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करू लागला. मग भिवंडीच्या गोदामात रखवालदार म्हणून गेला, तारखेला यायचा. तारखा पडत राहिल्या.

निकाल २००९ च्या डिसेंबरात लागला. मी तोवर मुरबाडच्या एका शाळेत शिकवत होतो. रजा काढून गेलो. रवीदादाची साक्ष आधीच्या तारखेला झाली होती, तेव्हाही मी होतो. सरकारी वकिलांनी त्याला विचारलं होतं, नाव खरं, गाव खरं, माणसं खरी, मग शिकारच तेवढी खोटी कशी? त्याने सांगितलं, मला लोकांनी वाहवा करावी असं वाटत होतं. मी माझ्या भावाचं नाव घालून खोटं लिहिलं. तो माणूस असा नाही. हे त्याने पाठ केलेलं नव्हतं. वकिलांनी त्याला एवढं सांगायला सांगितलंही नव्हतं. कोर्टात मागे वाडीची माणसं बसली होती. ती खाली पाहत होती.

सगळे निर्दोष सुटले.

बाहेर कोणी कोणाला मिठी मारली नाही. गोजर तंबाखू मळत म्हणाला, "चला, टेंपो थांबलाय." बाकीची माणसं टेंपोने आली होती, ती टेंपोत बसली. टेंपोत जागा होती. रवीदादाला कोणी बोलावलं नाही, आणि तोही गेला नाही. देवरामला धरणाच्या कचेरीत चौकशी करायची होती, म्हणून तो मागे राहिला. तासाभराने स्टँडवर आला. मी आणि रवीदादा मुरबाडच्या गाडीची वाट पाहत होतो.

"काय बोलले?" रवीदादाने विचारलं.

"वय उलटलं बोलले."

गाडी आली. देवराम आमच्या पुढच्या बाकावर बसला. किन्हवली येईपर्यंत तो खिडकीतून बाहेर पाहत होता. भात कापून झालं होतं. शेतं मोकळी होती. किन्हवली मागे पडल्यावर त्याने मान न वळवता विचारलं, "मंग आता तो डुक्कर कुनी मारलाच नाय?"

रवीदादाने हातातलं तिकीट दुमडलं. मग म्हणाला, "नाय."

"बरा व्हता पन," देवराम म्हणाला. "सुळं केवडं व्हतं त्याचं."

वाडीच्या फाट्यावर घंटी वाजली. देवराम उतरला. मी पाय आवरून वाट दिली, रवीदादा उठेल म्हणून. तो उठला नाही. कंडक्टर म्हणाला, "ओ, फाटा आला तुमचा." रवीदादाने मुरबाडचं तिकीट मागितलं. गाडी सुटली. रस्त्यावर देवराम एकदा वळला आणि गाडीकडे पाहत उभा राहिला.

मुरबाडला उतरल्यावर रवीदादाने मला सांगितलं, कारखान्याजवळ एक खोली आहे, शिफ्टवाले चौघं राहतात, तिथे जागा होईल. मी विचारलं, वहिनींना काय सांगू? तो म्हणाला, "सांगतो मी." मग स्टँडच्या नळावर तोंड धुऊन निघून गेला. मी त्याला हाक मारली नाही.

संध्याकाळी माधुरीवहिनींचा फोन आला.

"भावजी, ते तुमच्याबरोबर हायेत का?"

"मुरबाडला उतरले. तिथेच राहतो म्हणाले."

"बरं." मागे वाऱ्याचा आवाज येत होता. त्या अंगणात उभ्या असाव्यात. "कोर्टाचं काय झालं ओ?"

"सुटले की सगळे. टेंपो आला नाही का अजून?"

"दुपारीच आला. समदे घरी हायेत," त्या म्हणाल्या. "मना कुनी काय सांगितलं नाय."